उजेडावर चालणारा मुनीम

श्रोतेहो, लातूरच्या काय किंवा नांदेडच्या काय, मोंढ्यात सोयाबीनचे माप झाले, की आडत दुकानात मुनिमाची बोटे कॅल्क्युलेटरवर भराभर फिरतात आणि आपल्या हाती हिशेबाची पट्टी येते. पूर्वीचे मुनीम पावकी, निमकी, अडीचकी तोंडपाठ म्हणत. आता ते काम या चपट्या डबीकडे आले. तिच्या माथ्यावर तपकिरी काचेची एक पट्टी असते. ती कशासाठी, आणि डबीच्या पोटात काय आहे, ते आज पाहू.

माझ्याजवळ असे एक जुने, बारा आकडी यंत्र आहे. मागचे स्क्रू काढले, की प्रथम निराशाच होते. इतके थोडे सामान! बटणांखाली रबराची एक सलग चादर. प्रत्येक बटणाखाली तिला फुगवटा, आणि फुगवट्याच्या पोटात कार्बनची काळी टिकली. खालच्या पाटीवर वीज वाहणाऱ्या दोन रेघा, एका हाताची बोटे दुसऱ्या हातात गुंतवावीत तशा. पण एकमेकींना न शिवणाऱ्या. बटण दाबले की टिकली दोन्हींवर टेकते आणि वीज पलीकडे जाते. दुकानातली धूळ मध्ये शिरली की बटण दोन-दोनदा दाबावे लागते. कोरड्या मऊ कापडाने पुसले, तर बहुधा काम भागते.

पाटीवर डांबराचा थेंब पडावा तसा काळा ठिपका दिसतो. त्याखाली सिलिकॉनची चिप आहे. खरा मुनीम तो. कोणते बटण दाबले गेले हे तो सतत चाचपतो, बेरीज-गुणाकार करतो, आणि सात लहान रेघांपैकी हव्या तेवढ्या काळ्या करून आकडा दाखवतो. सातही रेघा उमटल्या तर आठ. मधली गाळली तर शून्य. शिक्षकांनी हे काड्यापेटीच्या काड्यांनी वर्गात करून पाहावे, मुले रमतात.

हा आकड्यांचा पडदा द्रव-स्फटिकांचा. तो स्वतः उजेड देत नाही, बाहेरचा उजेड फक्त अडवतो. म्हणून त्याला वीज नाममात्र लागते. चिपचा आहारही तसाच, चिमणीचा. त्यामुळेच तपकिरी पट्टीची एवढीशी कमाई पुरते. सिलिकॉनचा व्यवहार्य सौर घट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ साली दाखवला गेला. जपानच्या शार्प कंपनीने १९७६ मध्ये सौर कॅल्क्युलेटर आणले, आणि १९८० मध्ये सान्योने काचेवर सिलिकॉनचा अतिपातळ थर देऊन केलेले स्वस्त घट त्यात वापरले. हे घट घरातल्या दिव्याच्या उजेडातही चालतात. पट्टीवर उभ्या बारीक रेघा दिसतात ना? त्या एका घटाला दुसऱ्यापासून वेगळे करतात. एकट्या घटाचा दाब थोडा, म्हणून चार-पाच घट साखळीने जोडलेले असतात.

पण सावध! एकदा विद्यार्थ्यांसमोर मी बाजारातले एक स्वस्त यंत्र उघडले. पट्टीमागे तारच नव्हती. नुसते रंगीत प्लास्टिक! मुले हसली, मी ओशाळलो. परीक्षा सोपी आहे. आतला बटणसेल काढा, यंत्र उजेडात धरा. आकडे उमटले तर पट्टी खरी. मग तिच्यावर अंगठा ठेवा, आकडे फिके होत जातील.

आता पैशाची गोष्ट. यंत्र चुकत नाही, भरणारे बोट चुकते. माल १८ क्विंटल ४० किलो आणि दर ४,३०० रुपये धरू. यंत्रात १८.४ भरले तर ७९,१२० रुपये येतात. कोणी घाईत १८.०४ भरले, म्हणजे चारच किलो, तर ७७,५७२. एका शून्यापायी १,५४८ रुपये गेले! वजन सांगताना 'अठरा चाळीस' आणि 'अठरा चार' यांत कान चुकतो, तिथे हे घडते. म्हणून पट्टी हाती आली की हमाली-तोलाई वजा करण्याआधीचा गुणाकार आपण स्वतः एकदा करून पाहावा. यंत्र आडत्याचेच मागून घ्या. मागितल्यावर नाही म्हणणारा मला तरी अजून भेटलेला नाही.