थंडीत विद्यापीठ गेटला जाताना

14 जानेवारी जवळ आली की जालना एमआयडीसीतल्या आपल्या वस्त्यांमधून संभाजीनगरच्या विद्यापीठ गेटला जायची तयारी सुरू होते. साठेक किलोमीटरचा रस्ता. आम्हीही जातो, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहाटे निघणार असाल तर शाल, कानटोपी घ्याच. विद्यापीठ डोंगराच्या पायथ्याशी, तिथला वारा बोचतो. दुपारी मात्र ऊन लागतं. तेव्हा एका जाड स्वेटरपेक्षा काढता-घालता येतील असे दोन पातळ बरे. गर्दीमुळे गाड्या लांब थांबतात, चालावं लागतं. नव्या चपला घालून जाऊ नका, आमचे पाय एकदा सोलले आहेत! भाकरी, ठेचा, तिळाची वडी, पाणी घरूनच न्या. लेकरांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

विद्यापीठ 1958 सालचं. बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात 1978 ला झाला, नाव लागलं 1994 ला. मधल्या काळात मराठवाड्यात घरं जळाली, माणसं गेली. आजी त्या गेटपुढे हात का जोडते, हे पोरींना तिथंच उभं राहून सांगावं.

त्या गर्दीत विभाग, वसतिगृह काही पाहणं होत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाला मुलगी असेल, तर एखाद्या कामाच्या दिवशी तिला घेऊन पुन्हा जा. गुणपत्रिकांच्या झेरॉक्स सोबत असू द्या. हिवाळ्यात लवकर अंधारतं, परतीची गाडी आधीच विचारून ठेवा.