क्रोमियमविरहित धातूचें चिलखत

पुण्यांतील जुन्या वाड्यांच्या चौकांत कल्हईवाला भाता लावून बसे, तें दृश्य आतां विरळ झालें आहे. कसबा पेठेंतील तांबट आळींत घडलेलें भांडें कितीही देखणें असलें, तरी त्यांत आंबट पदार्थ ठेवावयाचा तर आंतून कथलाचा लेप हवाच. तापलेल्या भांड्यांत नवसागर टाकून कापसाच्या बोळ्यानें कथील फिरविलें, कीं अन्न व तांबें यांमध्यें एक पातळ भिंत उभी राहते. यंत्रयुगांतील धातूची फवारणी ही ह्याच कलेची धाकटी बहीण होय.

कथील २३२ अंशांस वितळतें. पोलादास मात्र सुमारें १५०० अंश उष्णता लागते. शिवाय पुलासारखी अवाढव्य वस्तु विस्तवावर धरणार कशी? इ. स. १९१० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील माक्स शूप यांनीं, वितळलेला धातु हवेच्या झोतानें उडवावा, ही युक्ति पुढें आणिली. विजेच्या पद्धतींत दोन तारांच्या टोकांमध्यें ज्योत पेटते, टोकें वितळतात, आणि दाबाची हवा त्यांचे सूक्ष्म कण करून खरखरीत केलेल्या पृष्ठभागावर आदळविते. कण चपटे होऊन एकमेकांत अडकतात. मूळ वस्तु फारशी तापत नाहीं.

आपल्या साखर कारखान्यांतील बॉयलरांत उसाचीं चिपाडें जळतात. त्यांच्या राखेंतील व मातींतील वाळूचे कण नळ्या झिजवितात. अशा ठिकाणीं क्रोमियमयुक्त तार बहुधा वापरतात, कारण क्रोमियमचें पातळ ऑक्साइड धातूचें रक्षण करतें. परंतु ज्योतींत क्रोमियमचा कांहीं भाग जळून षट्संयुजी रूपाच्या धुरांत मिसळतो. हें रूप कर्करोगकारक असल्याचें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९० सालीं नमूद केलें. अमेरिकेनें २००६ सालीं कारखान्यांतील हवेंत त्याची मर्यादा, आठ तासांच्या सरासरीनें, दर घनमीटरास ५ मायक्रोग्रॅम ठरविली.

मग उपाय काय? कामाप्रमाणें तार निवडावी. पूल व टाक्या यांच्या गंजास जस्त, ॲल्युमिनियम, अथवा ८५ भाग जस्त व १५ भाग ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातु पुरेसा होतो. जस्त स्वतः झिजून लोखंडास वांचवितें. घर्षणासाठीं पोलादी नळींत बोरॉन किंवा नायोबियम व टंगस्टन यांचीं कार्बाइडें भरलेल्या तारा मिळतात. तप्त स्थळीं लोह-ॲल्युमिनियमच्या तारांचा विचार करितां येतो. तेथें ॲल्युमिनियमचें ऑक्साइड संरक्षक होतें. मात्र प्रत्येक लेप त्या त्या राखेंत व तापमानांत पारखून घेतला पाहिजे.

क्रोमियम गेलें म्हणजे धूर निरुपद्रवी झाला, असें मात्र समजूं नये. जस्ताच्या धुरानें ज्वर येतो, निकेल फुप्फुसांस घातक आहे, आणि ॲल्युमिनियमची धूळ पेट घेते. धूर ओढून घेणारी यंत्रणा व मुखवटा यांस पर्याय नाहीं.

लहानपणीं आम्ही कल्हईची चमक पाहत उभे राहत असूं. नवसागराचा धूर कोण गिळतो, हें आमच्या मनांतही आलें नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, उद्यां तुमच्यापैकीं कोणी अभियंता होईल. लेप किती वर्षें टिकेल हें त्यानें अवश्य विचारावें. पण तो चढविणारा माणूस किती वर्षें टिकेल, हें त्याच्याआधीं विचारावें.