साडेअठरा न्यूट्रॉन

फळ्यावर सहा रकाने आखायचे: मूलद्रव्य, अणुअंक, वस्तुमानांक, प्रोटॉन, इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉन. आठवी-नववीच्या विज्ञानात हा तक्ता चुकत नाही. त्यातलं गणित म्हणाल तर तिसरीतल्या पोरालाही यावं असं. अणुअंक म्हणजेच प्रोटॉन. अणूवर प्रभार नसेल तर इलेक्ट्रॉनही तेवढेच. वस्तुमानांकातून अणुअंक वजा केला की उरले ते न्यूट्रॉन. कार्बन-१२ मध्ये सहा, कार्बन-१४ मध्ये आठ. सुरुवातीच्या ओळी मुलं धडाधड भरून टाकतात. बघण्यासारखं असतं ते पेन अडखळतं तिथं.

बाकांमधून फिरताना आधी नजरेत भरतो तो वर-खालीचा घोळ. समस्थानिकाच्या चिन्हात वस्तुमानांक वर लिहायचा, अणुअंक खाली. भिंतीवरच्या आवर्तसारणीत मात्र बहुतेक वेळा अणुअंक वर असतो आणि अणुवस्तुमान खाली. मान वर केली की एक रीत, वहीत घातली की दुसरी. मग सोडियमला २३ प्रोटॉन बहाल होतात. अकरातून तेवीस जात नाहीत, म्हणून पोरगं निमूटपणे उलटी वजाबाकी करतं आणि न्यूट्रॉन येतात १२. अगदी बरोबर! नुसता शेवटचा रकाना तपासणारा शिक्षक तिथं खूण करून पुढे सरकेल. पण २३ प्रोटॉन म्हटल्यावर ते सोडियम राहिलंच कुठं? ते व्हॅनेडियम झालं. म्हणून वर्गात सांगून ठेवलंय, दोन आकड्यांतला कुठला कोणता हे कळेना तर लहान तो अणुअंक समजा. साधा हायड्रोजन तेवढा याला अपवाद, कारण तिथं दोन्ही आकडे १. त्याचे न्यूट्रॉन शून्य. हे शून्य लिहायला मुलं बिचकतात, आडवी रेघ मारून मोकळी होतात. ड्यूटेरियमचा एक आणि ट्रिटियमचे दोन लिहून झाले की मग मागे येऊन रेघेच्या जागी गुपचूप शून्य काढतात.

आयनांचा गोंधळ नेहमीचाच. क्लोराइडवर उणे चिन्ह दिसलं की एक इलेक्ट्रॉन वजा करून १६ लिहायचे. इलेक्ट्रॉन स्वतःच ऋण आहे, तो आला म्हणून उणे चिन्ह आलं, हे दोनदा सांगितलं की बसतं.

क्लोरीन मात्र एवढ्यावर सोडत नाही. वस्तुमानांकाचा रकाना मी मुद्दाम रिकामा ठेवतो. मुलं भिंतीवरून ३५.५ उचलतात, त्यातून १७ वजा करतात आणि कुणीतरी बेधडक उत्तर देतं, ‘सर, साडेअठरा.’ वर्ग हसतो. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या वहीत तेच असतं. वजाबाकीत खोट नाही, खोट आहे ३५.५ ला वस्तुमानांक समजण्यात. मी विचारतो, ज्या फलंदाजाची सरासरी ३५.५ आहे त्यानं कधी अर्धी धाव काढली होती का? निसर्गातल्या क्लोरीनमध्ये साधारण ७६ टक्के अणू ३५ चे आणि २४ टक्के ३७ चे. एकाचे न्यूट्रॉन १८, दुसऱ्याचे २०. साडेअठराचा अणू एकही नाही.

यावर हुशार मुलं लगेच तोडगा काढतात: जवळचा पूर्णांक घ्यायचा, मग वजा करायचं. ही युक्ती शिकवण्यांमध्येही चालते, आणि सोडियम, फ्लोरीन, आयोडीन यांच्यापाशी ती खपूनही जाते, कारण निसर्गात त्यांचं एकेकच टिकाऊ समस्थानिक आहे. तिची परीक्षा ब्रोमीनपाशी. अणुवस्तुमान ७९.९, जवळचा पूर्णांक ८०, त्यातून ३५ गेले, न्यूट्रॉन ४५. उत्तर देखणं, पण असा ब्रोमीन निसर्गात नाही. तिथं आहेत ७९ आणि ८१, जवळपास निम्मे-निम्मे. न्यूट्रॉन ४४ आणि ४६. ब्रोमीन-८० प्रयोगशाळेत बनवता येतो, पण तो किरणोत्सारी, काही मिनिटांत निम्मा संपणारा. मूलद्रव्याचं नाव घेतलं की प्रोटॉन कळतात. न्यूट्रॉन कळायला नेमका कुठला अणू हातात आहे ते कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगायचं तर कुणीतरी तो तोललेला असावा लागतो.

१९१९ मध्ये केंब्रिजला फ्रान्सिस अॅस्टन यांनी त्यासाठी मास स्पेक्ट्रोग्राफ उभा केला. प्रभारित अणूंचा झोत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून न्यायचा. वजनाप्रमाणे ते कमीअधिक वळतात आणि फोटोच्या काचेवर वेगवेगळ्या जागी रेघा उमटतात. क्लोरीनच्या रेघा उमटल्या ३५ आणि ३७ वर. साडेपस्तीसची जागा कोरी. १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल अॅस्टन यांना मिळालं, आणि तेव्हा न्यूट्रॉन कुणाला ठाऊकच नव्हता! जेम्स चॅडविक यांनी तो शोधला १९३२ मध्ये. मधल्या काळात आमच्या तक्त्याचे रकाने निराळे असते: क्लोरीन-३५ च्या केंद्रकात ३५ प्रोटॉन, त्यांचा जास्तीचा प्रभार मारायला तिथंच १८ इलेक्ट्रॉन, आणि बाहेर १७. वजाबाकी तीच, उत्तरही १८. रकान्याचं नाव तेवढं चुकीचं. परीक्षेत दोन गुण मिळवून देणारा हा आकडा जगातल्या मोठमोठ्या डोक्यांनी दशकभर भलत्याच रकान्यात लिहिला होता, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

त्यांची चूक बावळटपणाची नव्हती. कार्बन-१४ ची ओळ आली की त्याच वाटेनं जाणारा प्रश्न वर्गातूनच येतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि नायट्रोजन-१४ उरतो. मागच्या बाकावरून विचारणा होते, ‘सर, केंद्रकात इलेक्ट्रॉन नसतोच म्हणालात. मग हा आला कुठून?’ बाहेर पडला त्याअर्थी आत होता, हेच तर त्या काळचे शास्त्रज्ञ म्हणत होते. मी दोन ओळी एकाखाली एक लिहितो. कार्बन-१४: प्रोटॉन ६, न्यूट्रॉन ८. नायट्रोजन-१४: प्रोटॉन ७, न्यूट्रॉन ७. बेरीज चौदाच्या चौदा. एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला आणि इलेक्ट्रॉन त्या घटकेला जन्मला, सोबत एक अँटिन्यूट्रिनो. निम्मे अणू असे बदलायला सुमारे ५,७३० वर्षं लागतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचं वय ठरवताना याच हिशेबाचा आधार घेतला गेला.

शेवटची ओळ मी आयोडीनची ठेवतो, कारण ‘हे शिकून उपयोग काय’ हा प्रश्न तोवर वर्गात घोळायला लागलेला असतो. मिठातलं आयोडीन १२७ चं: प्रोटॉन ५३, इलेक्ट्रॉन ५३, न्यूट्रॉन ७४. थायरॉइडच्या रुग्णाला औषध म्हणून देतात ते १३१ चं. मुलं वजाबाकी करतात: ७८. बाकीचे दोन रकाने? तसेच. थायरॉइड ग्रंथीचा सगळा कारभार रसायनाचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा. चार न्यूट्रॉन जास्त आहेत याचा तिला पत्ताच लागत नाही. नेहमीचं आयोडीन समजून ती हे ओढून घेते. आत पोचल्यावर त्यातून कार्बन-१४ सारखाच इलेक्ट्रॉन सुटतो, आणि तो जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाऊन आसपासच्या पेशी मारतो. आठ दिवसांत निम्मे अणू संपतात.

‘संपतात म्हणजे काय होतात, ते तुम्हीच लिहा,’ असं म्हणून मी खाली एक कोरी ओळ आखतो. वस्तुमानांक १३१ तसाच. प्रोटॉन ५४, न्यूट्रॉन ७७. बरीच मुलं पहिल्या रकान्यात सवयीनं आयोडीन लिहून बसलेली असतात. मग एकेक जण मान वर करून भिंतीवर ५४ शोधायला लागतो, आणि आयोडीन खोडून झेनॉन लिहितो.