डोंबिवलीची संख्या आणि विज्ञानाचा शेवट

विज्ञानाला कधी अखेर आहे काय, हा प्रश्न दर पिढीत नव्याने विचारला जातो आणि कोणी ना कोणी जाणकार त्याचे होकारार्थी उत्तर देऊन मोकळाही होतो. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले १८९३ साली. त्याच्या पुढच्याच वर्षी शिकागो विद्यापीठाच्या नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनप्रसंगी अल्बर्ट मायकेलसन या थोर भौतिकशास्त्रज्ञाने, पदार्थविज्ञानाचे मूलभूत नियम बहुतेक सर्व हाती आले असून यापुढचे शोध दशांशचिन्हानंतरच्या सहाव्या स्थानी करावे लागतील, अशा आशयाचे प्रतिपादन केले होते. त्यानंतर सोळा महिन्यांत राँटजेनला क्ष-किरण दिसले, १८९६ मध्ये बेकरेलला किरणोत्सर्ग आणि १८९७ मध्ये टॉमसनला इलेक्ट्रॉन. खुद्द मायकेलसनच्या १८८७ मधील प्रयोगाने ईथरच्या कल्पनेला जो धक्का दिला होता, त्याचा अर्थ आइन्स्टाइनच्या १९०५ च्या निबंधानंतर उलगडला. स्टीफन हॉकिंग यांनीही १९८० साली केम्ब्रिजच्या व्याख्यानात सैद्धान्तिक भौतिकीची अखेर दृष्टिपथात असल्याचे सुचविले आणि २००२ साली आपले मत बदलल्याचे मोकळेपणाने सांगितले.

तथापि अशा भाकितांची केवळ थट्टा करून भागणार नाही. त्यांच्यामागे एक युक्तिवाद आहे, आणि तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास चांगलाच परिचित आहे. रिकार्डोच्या मांडणीप्रमाणे माणूस आधी सुपीक जमीन कसतो, मग निकस जमिनीकडे वळतो. साहजिकच दर मण धान्यामागे श्रम वाढत जातात. ज्ञानाच्या शेतीतही असेच घडत असावे, अशी शंका घेण्यास जागा आहे. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, संगणकाच्या चिपवरील घटकांची संख्या दुप्पट करण्याचा जुना वेग टिकविण्यास १९७० च्या दशकाच्या प्रारंभी जितके संशोधक लागत, त्याच्या अठरा पटींहून अधिक आता लागतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी जी ‘लायगो’ वेधशाळा उभारावयाची आहे, तिच्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. राँटजेनला एवढा पैसा लागला नव्हता. योगायोग असा की, या वेधशाळेतील उपकरण म्हणजे मायकेलसनच्याच उपकरणाची अवाढव्य आवृत्ती होय. आणि ते जे मोजते ते दशांशचिन्हानंतरच्या सहाव्या स्थानाच्याही कितीतरी पलीकडचे. अमेरिकेतील अशाच उपकरणांनी सप्टेंबर २०१५ मध्ये दोन कृष्णविवरांचे मीलन टिपले. म्हणजे दशांशस्थानांची भाषा खरी ठरली; परंतु त्या स्थानी बारीकसारीक दुरुस्त्या नव्हत्या, एक नवे खगोलशास्त्र होते.

रिकार्डोच्या उपमेत उणीव आहे ती येथेच. जमिनीचे क्षेत्र ठरलेले असते आणि तिचा कस कसणाऱ्याला ठाऊक असतो. ज्ञानाच्या बाबतीत सुपीक कोणते आणि निकस कोणते हे नांगर घातल्याखेरीज कळत नाही. इतकेच नव्हे, तर हजारो वर्षे नांगरलेल्या जमिनीतही कोणी न पाहिलेले पीक निघू शकते. याचा दाखला दूर देशी शोधावयास नको. तो मध्य रेल्वेच्या ठाणे-कल्याण मार्गावरच आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणूचा. वडील कारकून. माध्यमिक शिक्षण ठाण्यास, पुढे फर्ग्युसन महाविद्यालय; १९२९ साली पदवी, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकी. या गृहस्थांना आकड्यांचा नाद होता. १६५, २५५३, ४७७७३ अशा संख्यांकडे त्यांचे लक्ष गेले: पहिला आणि शेवटचा अंक मिळविला की मधला, पुन्हा पुन्हा येणारा अंक मिळतो. अकराचा वर्ग १२१, एकशे अकराचा १२३२१, हीदेखील त्याच कुळातली मंडळी. या संख्यांचा विचार जेथे सुचला त्या जी. आय. पी. रेल्वेवरील स्थानकाचे नाव त्यांनी त्यांस दिले, ‘डेम्लो’. हे डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. के. आर. गुंजीकर यांच्यासह त्यांनी लिहिलेला डेम्लो संख्यांवरील निबंध १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. रोज सकाळी त्या फलाटावर लोकलची वाट पाहणाऱ्या हजारो प्रवाशांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे!

त्यांची खरी कीर्ती मात्र ६१७४ या संख्येची. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करावी. आणि येणाऱ्या वजाबाकीवर हीच क्रिया पुन्हा करावी. मुंबई-ठाणे आगगाडीचे वर्ष १८५३ घेऊ. ८५३१ उणे १३५८ म्हणजे ७१७३. पुढे ६३५४, मग ३०८७, ८३५२ आणि अखेर ६१७४. यापुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी ६१७४ च. कोणतीही संख्या घेतली तरी फार तर सात पायऱ्यांत हाच मुक्काम. कापरेकरांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडले.

यासाठी लागणारे गणित प्राथमिक शाळेतले आहे. शून्यासह दशमान पद्धती आपल्याकडे दीड हजार वर्षांहून अधिक काळ आहे; या अवधीत कोट्यवधी मुलांनी, वाण्यांनी, कुळकर्ण्यांनी वजाबाक्या केल्या. कोणालाही ही गोष्ट दिसली नाही, कारण वजाबाकीत आणखी काही पाहण्यासारखे असेल असे कोणाला वाटलेच नाही. आणि एक उत्तर मिळताच प्रश्न संपले असेही नव्हे. तीन अंकी संख्या ४९५ वर स्थिरावतात. पाच अंकी संख्यांना मात्र असा एकच मुक्काम नाही, त्या तीन निरनिराळ्या चक्रांपैकी एकात फिरत राहतात. असे का, हा पुढचा प्रश्न झाला.

हा केवळ करमणुकीचा खेळ आहे, असा आक्षेप कापरेकरांच्या हयातीत अनेक गणितज्ञांनी घेतला. त्यात तथ्य नाही असे नाही. ६१७४ ने विश्वाचे कोडे सुटले नाही, आणि सापेक्षता सिद्धान्ताच्या पंक्तीस ती बसविणे हास्यास्पद होईल. परंतु येथे प्रश्न शोधाच्या मोठेपणाचा नाही, तो शोधाच्या शक्यतेचा आहे. सर्वांत तुडविलेल्या वाटेवरही काही न पाहिलेले उरते, तर ज्या प्रदेशात अजून कोणी शिरलेच नाही त्याबद्दल ‘संपले’ म्हणण्याचा अधिकार कोणास?

निसर्गाकडून विज्ञानाला धोका नाही. धोका असलाच तर तो हिशेबनिसाकडून. २०२०-२१ साली भारताचा संशोधनावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. यावर लेखणी झिजविणारे पुष्कळ आहेत. पैशाखेरीज दुसरी एक टंचाई आहे, तिच्याविषयी मात्र सहसा बोलले जात नाही: ज्याच्याकडून कोणी शोधाची अपेक्षा करीत नाही, अशा माणसाला लागणारी सवड आणि थोडेबहुत कुतूहलाचे श्रोते. कापरेकरांनी आपल्या अनेक पुस्तिका स्वतःच छापून काढल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे जगाने त्यांची दखल घेतली. त्या वेळी त्यांच्या वयाची सत्तरी उलटली होती. निवृत्तीनंतर तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर भागेना म्हणून त्यांना गणित व विज्ञानाच्या शिकवण्या धराव्या लागल्या. १९८६ साली देवळालीस त्यांचे निधन झाले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत अध्यापकांच्या संशोधनाची गुणांत मोजदाद सुरू केली. निबंधास अमुक, ग्रंथास तमुक असे ते कोष्टक होते. ‘देवळाली कॅम्प’ असा पत्ता असलेल्या, पदरमोड करून छापलेल्या पुस्तिकेला त्यात कोणत्या रकान्यात बसविले असते, हे सांगणे कठीण आहे. कदाचित तितपत वेळ आलीच नसती. कापरेकरांपाशी पदव्युत्तर पदवी नव्हती. डोंबिवलीच्या एखाद्या महाविद्यालयात अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी आज त्यांचा अर्ज आला, तर तो छाननीतच बाद होईल.