औषधाची कसोटी आणि औषधशाळेंतील साहाय्यक

नव्या औषधाची कसोटी म्हटली कीं डॉक्टर आणि रुग्ण डोळ्यांपुढें येतात. रुग्णालयाच्या औषधशाळेंतील साहाय्यक सहसा येत नाहीं. परंतु कसोटीच्या निष्कर्षावर विश्वास किती ठेवावा, हें पुष्कळ अंशीं त्याच्या कामावर अवलंबून असतें.

औषध कोणास द्यावें हें डॉक्टराच्या मर्जीवर सोडलें, तर बरे होण्याजोगे रुग्णच निवडले जाण्याचा संभव असतो. म्हणून ब्रिटनमध्यें क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या कसोटींत रुग्णांची विभागणी बंद लखोट्यांनीं झाली. १९४८ सालीं तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला: सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकीं ४ दगावले, केवळ विश्रांति मिळालेल्या ५२ पैकीं १४. आतां पुष्कळ कसोट्यांत दुसऱ्या गटास तशीच दिसणारी, पण औषधी गुण नसलेली गोळी देतात; कोणास काय मिळालें हें रुग्णास व डॉक्टरास, दोघांसही ठाऊक नसतें.

अशा वेळीं डब्यांवर औषधाचें नांव नसतें, क्रमांक असतो. सर्व डब्या सारख्याच, त्यामुळें चूक डोळ्यांना दिसत नाहीं. नेमका क्रमांक नेमक्या रुग्णास पोहोंचविणें, शीतकपाटांतील औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्यें राहिलें कीं नाहीं हें टिपणें, रुग्णानें परत आणलेल्या गोळ्या मोजणें, हीं कामें साहाय्यक औषधतज्ज्ञाच्या देखरेखीखालीं करतो. गोळ्या अधिक उरल्या तर रुग्णास रागें भरावयाचें नसतें. खरा आकडा लिहावयाचा असतो. तो लपला, तर गुणकारी औषधही निरुपयोगी ठरेल आणि पुढील रुग्ण त्यास मुकतील.