अंधगजन्याय आणि बोटाएवढी खिडकी

एकांगी आकलनासाठी मराठी लेखनात ‘अंधगजन्याया’चा दाखला दिला जातो. त्यामागे एक गृहीतक असते : स्पर्श तुकडे देतो, दृष्टी अखंड वस्तू देते. ‘डोळस’ हे विशेषण गौरवाचे आणि ‘चाचपडणे’ हे क्रियापद अपयशाचे, यातही तेच गृहीतक मुरलेले आहे. उठावाच्या चित्रांविषयीचे मानसशास्त्रीय संशोधन त्याला कितपत दुजोरा देते, हे तौलनिक अभ्यासकाने पाहण्याजोगे आहे.

प्रथमदर्शनी दुजोरा मिळतो. लेडरमन, क्लॅट्स्की व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये नेहमीच्या वस्तूंची उठावरेषांत काढलेली चित्रे स्पर्शाने ओळखावयास दिली. डोळे बांधलेल्या दृष्टिवंतांना सुमारे एकतृतीयांश, तर जन्मांधांना सुमारे एकदशांशच चित्रे ओळखता आली. परंतु १९८५ मध्ये क्लॅट्स्की व लेडरमन यांनीच प्रत्यक्ष वस्तू हाती दिल्या, तेव्हा डोळे बांधलेल्यांची सुमारे ९६ टक्के उत्तरे अचूक होती, आणि तीही बहुधा काही सेकंदांत. तेव्हा हात दुबळा नाही. वजन, पोत, कठीणपणा, घनता हे हाताला कळणारे गुण चित्रात गळून पडतात. उरते ती बाह्यरेषा, आणि तीही डोळ्याच्या संकेतांनी बांधलेली. पेल्याचे वर्तुळाकार तोंड चित्रात लंबवर्तुळ होते. बोटांना असा पेला कधी भेटलेला नसतो. हेलर यांच्या १९८९ मधील प्रयोगांत उत्तरायुष्यात दृष्टी गमावलेले सर्वांत सरस ठरले, कारण त्यांच्यापाशी चित्रसंकेत आणि सरावाचा हात ही दोन्ही असतात.

हेब्बाळ-म्हैसूरच्या परिसरातून फार दूर नसलेल्या सोमनाथपूरच्या केशवमंदिरात (इ. स. १२५८) तळपट्टीवर हत्तींची रांग कोरलेली आहे. संरक्षित शिल्पाला हात लावू नये हे खरेच. पण त्या हत्तींना पोटाची गोलाई आहे, सोंडेला उंचवटा आहे. उठावशिल्प आणि उठावरेषा यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

निर्णायक प्रयोग लूमिस, क्लॅट्स्की व लेडरमन यांचा, १९९१ चा. त्यांनी डोळ्यालाच बोटाच्या अटी घातल्या : पडद्यावरील चित्र बोटाच्या टोकाएवढ्या खिडकीतून, हात सरकवील तसे तुकड्यातुकड्याने दिसे. तेव्हा दृष्टीची ओळखण्याची क्षमता जवळजवळ स्पर्शाच्या पातळीवर आली. खिडकी दोन बोटांएवढी करताच दृष्टी सुधारली. दोन बोटे वापरूनही स्पर्श मात्र फारसा सुधारला नाही. म्हणजे दोन्ही इंद्रियांत भेद आहेच, पण तो एकाच वेळी किती क्षेत्र जोडून घेता येते याचा आहे. तुकड्यांची स्मृतीत जुळणी करण्याचे कष्ट डोळ्यालाही चुकत नाहीत.

या प्रकाशात मूळ कथा पुन्हा वाचावी. पाली ‘उदाना’त राजाचा माणूस जन्मांधांच्या एका गटाला हत्तीचे केवळ डोके दाखवतो, दुसऱ्याला केवळ कान, आणि प्रत्येकाला सांगतो की हत्ती असा असतो. कोणी त्याला घागर म्हणतो, कोणी सूप. मारामारी जुंपते आणि राजा खूश होतो. खिडकी येथे दाखवणाऱ्याने अरुंद केलेली आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी कवी जॉन गॉडफ्रे सॅक्स यांच्या इंग्रजी रूपांतरात हा माणूसच नाही; सहा आंधळे आपण होऊन हत्तीकडे जातात, आणि अपुरेपणाचा दोष सर्वस्वी त्यांच्याकडे येतो. ‘अंधगजन्याय’ हा शब्द वापरताना यांपैकी कोणती कथा अभिप्रेत आहे, हे समीक्षकाने सांगितलेले माझ्या वाचनात क्वचितच आले आहे.