प्रवेश दिला, अभ्यासाचे काय?

महाविद्यालयात जागा मिळणे आणि महाविद्यालयात शिकता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या बाबतीत पहिली गोष्ट कायद्याने बऱ्याच अंशी साधली आहे. १९९५ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत तीन टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत हे प्रमाण किमान पाच टक्के केले. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्यात एकवीस आहेत आणि त्यांत अध्ययन अक्षमतेलाही स्थान मिळाले आहे. हे सारे स्वागतार्ह खरेच; परंतु प्रवेश मिळाल्यानंतर या मुलांनी अभ्यास करावयाचा कसा, याचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही.

या प्रश्नाचे खरे रूप महानगरात दिसत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठी २००३ पासून स्वतंत्र साधनकेंद्र आहे. हे रूप पाहावयाचे तर बालाघाटसारख्या जिल्ह्याकडे वळावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि वैनगंगेकाठचा हा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. जिल्ह्याचा मोठा भाग अरण्याने व्यापलेला. सीमेपलीकडे गोंदिया जवळ, पण राजधानी भोपाळ दूर. येथील मराठी घरातले मूल बहुधा हिंदीतून शिकते. अशा घरातील एखादी अंध मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाला बसली, असे क्षणभर समजू या.

तिच्यापुढची पहिली अडचण अगदी क्षुल्लक वाटेल अशी आहे. संगणकावरील मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली आज विनामूल्य मिळते. ती हिंदी वाचते, मराठीही वाचते. परंतु प्राध्यापकांची टिपणे 'कृतिदेव'सारख्या जुन्या टंकात असली, तर डोळ्यांना देवनागरी दिसणारा तोच मजकूर यंत्राला निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग वाटतो. पुस्तकाच्या पानांची नुसती छायाचित्रे दिली, तर यंत्र मुकेच राहते. तीच टिपणे युनिकोडमध्ये टंकित केली की ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून वाचू लागते! यासाठी इमारत लागत नाही की मोठे अनुदान लागत नाही. पुस्तकांच्या सुगम प्रती तयार करण्यास २०१२ च्या स्वामित्वहक्क दुरुस्तीने मुभाही दिलेली आहे. म्हणजे उणीव आहे ती सवयीची.

दुसरी अडचण कौशल्याची. परीक्षेत लेखनिक मिळतो आणि तासाला किमान वीस मिनिटे अधिक वेळही मिळतो. म्हणजे तीन तासांच्या उत्तरपत्रिकेला चार तास. परंतु दुसऱ्याच्या हातून लिहून घेणे ही स्वतंत्र विद्या आहे. उत्तराचा आराखडा मनात बांधणे, परिच्छेद कोठे तोडावयाचा ते सांगणे, विशेषनामे अक्षरशः उच्चारून देणे, मागे काय लिहिले गेले ते ध्यानात ठेवणे, हे परीक्षेच्या दिवशी एकाएकी कोणाला जमणार? कर्णबधिर विद्यार्थ्याची गरज निराळी: त्याला व्याख्यानाचा सारांश आधी लेखी मिळाला पाहिजे आणि तो वाचण्याइतकी लेखी भाषेची तयारीही करून घेतली पाहिजे. अध्ययन अक्षमता असलेला विद्यार्थी तर बाहेरून ओळखूच येत नाही. त्याला आळशी ठरविले जाते. लेखनविकार असलेल्या उमेदवारालाही लेखनिक नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये सांगावे लागले, यातच सारे आले.

आमच्या मते प्रत्येक महाविद्यालयाने तीन गोष्टी तरी कराव्यात. वर्ग सुरू होण्यापूर्वी दोन-तीन आठवडे या विद्यार्थ्यांना टंकलेखन, ऐकून टिपणे काढणे आणि लेखनिकाकरवी उत्तर लिहिणे यांचा सराव द्यावा. नेमलेली पुस्तके व टिपणे सत्रारंभीच वाचनयोग्य रूपात ग्रंथालयात ठेवावीत. आणि या साऱ्याची जबाबदारी एका प्रशिक्षित अध्यापकावर नावानिशी सोपवावी. सर्वांवर टाकलेले काम कोणाचेच नसते.

गोमंतकातही हा विषय परका नाही. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत दिव्यांगांचा 'पर्पल' महोत्सव मोठ्या थाटाने झाला आणि त्याचे कौतुक योग्यच होते. तथापि उत्सव तीन दिवसांचा, पदवी तीन-चार वर्षांची. पेडणे, काणकोण किंवा पलीकडे सावंतवाडी येथील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत एखादा अंध विद्यार्थी आज गेला, तर त्याला नेमलेले एक तरी पुस्तक वाचता येईल काय? प्राचार्यांनी आणि संस्थाचालकांनी हा प्रश्न पुढच्या प्रवेशांपूर्वी स्वतःला विचारावा. राखीव जागेवर बसलेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षी वर्गातून नाहीसा झाला, तर ती जागा दिली असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही उरणार नाही.